इंग्रजी वाक्यं जोडताना 'ऑल्दो'मागून 'बट' का येतो? (आणि अशाच बाकीच्या चुका)

निळी शाई

मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. सुटी वाक्यं मुलं बरी लिहितात. 'दोन वाक्यांचं एक करा' म्हटलं की मात्र गाडं अडतं. वह्यांमधली ही काही वाक्यं, देवनागरीतच देते:

'ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम टू स्कूल.'
'बिकॉज इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड ॲट होम.'
'इफ इट विल रेन, वी विल नॉट गो.'
'अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल.'
'नो सूनर डिड द बेल रँग व्हेन द बॉइज रॅन आउट.'
'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर वॉज आय गोइंग.'

प्रत्येक चुकीचा नियम वेगळा सांगून झाला. मुलं पाठ करतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लिहितात. या चुकांच्या मुळाशी काही समान आहे का? कोणत्या क्रमाने शिकवावं? आणि स्वल्पविराम नक्की कुठे द्यायचा, तेही कुणीतरी नीट सांगा.

खडूफळा

मूळ समान आहे, आणि ते मराठीच्या रचनेत आहे. आपण वाक्यं जोडीने बांधतो: जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत, ज्याअर्थी–त्याअर्थी. दोन्ही वाक्यांच्या तोंडाशी एकेक शब्द असतो. इंग्रजीत जोड बहुतेक वेळा एकाच बाजूला बसतो आणि दुसरी बाजू मोकळी राहते. मूल मनात 'जरी आजारी होता तरी आला' म्हणतं आणि 'तरी'साठी शब्द शोधतं. हाताशी 'बट' असतो, तो येऊन बसतो. 'बिकॉज'मागचा 'सो' म्हणजे तसाच आपला 'म्हणून'.

त्यामुळे सहा नियम देण्याआधी मोजणी शिकवा. वाक्यातली काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करायची. सहायक आणि मुख्य क्रियापद मिळून एक धरायचं ('वॉज रेनिंग' एक, 'विल नॉट गो' एक). 'टू गो' मोजायचं नाही, आणि सहायकाशिवाय एकटं आलेलं 'गोइंग'ही नाही. जितकी क्रियापदं, त्याहून एक कमी जोड. 'ऑल्दो'च्या वाक्यात 'वॉज' आणि 'केम' अशी दोन क्रियापदं आहेत, म्हणजे जोड एकच हवा. तिथे 'ऑल्दो' आणि 'बट' असे दोन झालेत, कुठला तरी एक खोडा. 'ऑल्दो ही वॉज इल, ही केम टू स्कूल' किंवा 'ही वॉज इल, बट ही केम टू स्कूल'. दोन्ही बरोबर. कोणता खोडायचा हे मुलांनाच ठरवू द्या, त्यातून दोन रचना आपोआप समजतात.

मोजणी उलट्या बाजूनेही कामाला येते. 'आय वॉज टायर्ड, आय वेंट होम' यात क्रियापदं दोन आणि जोड शून्य. मराठीत 'दमलो होतो, घरी गेलो' चालून जातं. इंग्रजी लेखनात ही चूक धरतात, नुसता स्वल्पविराम दोन वाक्यांचं ओझं पेलत नाही.

दोन ठिकाणी जपा. 'हू', 'विच', 'दॅट' हेही जोडच, त्यांना मोजा. म्हणूनच 'द बॉय हू केम येस्टरडे ही इज माय कझिन' यातला 'ही' जादा आहे. तो आपल्या 'जो… तो' मधला 'तो' आहे. दुसरं म्हणजे 'आय नो ही इज हिअर' यासारख्या वाक्यात 'दॅट' लपलेला असतो. दिसत नसला तरी मोजणीत धरायचा.

जोडीने येणारे शब्द इंग्रजीतही आहेत, पण मोजके: 'आयदर–ऑर', 'नायदर–नॉर', 'बोथ–अँड', 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो', 'सो–दॅट', 'नो सूनर–दॅन', 'व्हेदर–ऑर'. प्रत्येक जोडी एकच जोड धरा. 'इफ'नंतर 'देन' लिहिलं तर चूक नाही, कारण ते क्रियाविशेषण आहे. तरी सवय न लिहिण्याची लावा.

आता काळ. मराठीत आपण 'पाऊस पडला तर जाणार नाही', 'तो आला की सांगेन' म्हणतो. भविष्याची गोष्ट, पण क्रियापद भूतकाळी रूपात. इंग्रजीत त्या जागी साधा वर्तमानकाळ येतो: 'इफ इट रेन्स, वी विल नॉट गो', 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम'. मुलं एकतर दोन्हीकडे 'विल' टाकतात, नाहीतर मराठीवरून 'व्हेन ही केम, आय विल टेल हिम' लिहितात. 'इफ', 'व्हेन', 'अनलेस', 'अंटिल', 'बिफोर', 'आफ्टर', 'ॲज सून ॲज' यांच्यानंतर भविष्य सांगायचं असलं तरी 'विल' नाही, हा एकच नियम सगळ्यांना पुरतो. अपवाद एवढाच, की 'व्हेन' किंवा 'इफ' प्रश्नाचं काम करत असेल तर 'विल' चालतं: 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम'. इथे 'व्हेन' म्हणजे 'जेव्हा' नाही, 'कधी' आहे. 'कधी' किंवा ('येईल का' मधला) 'का' असा अर्थ निघाला तर 'विल' येऊ द्यायचं.

भीमाकाठ

खडूफळांची मोजणी उत्तम. मी परीक्षेतल्या रूपांतराच्या प्रश्नांवर लिहितो, कारण गुण तिथे जातात.

'नो सूनर' नेहमी 'ॲज सून ॲज'च्या वाक्यावरून करून घ्या. मूळ वाक्य: 'ॲज सून ॲज द बेल रँग, द बॉइज रॅन आउट.' आधी 'ॲज सून ॲज' काढून 'नो सूनर' ठेवा. पुढे काळ बघून 'डिड', 'डू' किंवा 'डज' आणा. मग कर्ता. मग क्रियापद मूळ रूपात, 'रँग'चं 'रिंग'. शेवटी स्वल्पविराम काढून त्या जागी 'दॅन'. तयार वाक्य: 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.' भूतकाळ 'डिड'ने आधीच घेतला, म्हणून क्रियापद त्याला पुन्हा घेत नाही. 'डिड रँग' लिहिणाऱ्याला एवढंच विचारा की भूतकाळ किती वेळा झाला. 'दॅन' का, तर 'सूनर' हे तुलनेचं रूप आहे, 'टॉलर दॅन'सारखंच. हे कारण कळलं की 'व्हेन' लिहिला जात नाही. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' तुलनेची रूपं नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे 'व्हेन': 'हार्डली हॅड द बेल रंग व्हेन द बॉइज रॅन आउट.' इथे 'हॅड' असल्यामुळे क्रियापदाचं तिसरं रूप येतं.

'अनलेस'मध्ये 'नाही' आधीच आहे. 'इफ यू डोन्ट स्टडी' मधलं 'इफ' आणि 'डोन्ट' दोन्ही मिळून 'अनलेस' होतो, म्हणून 'अनलेस यू स्टडी, यू विल फेल'. 'डोन्ट' काढल्यावर क्रियापदाला 'एस' लागतो का, तेही बघायला लावा: 'इफ ही डझन्ट हरी'चं 'अनलेस ही हरीज'. उलटं मात्र सरसकट चालत नाही. 'आय विल बी ग्लॅड इफ ही डझन्ट कम' याचं 'अनलेस' केलं तर अर्थच बदलतो. 'अनलेस' म्हणजे 'एवढा एक अपवाद सोडून', ती छटा नसेल तिथे वापरू नये.

'अंटिल'चं दुखणं 'जोपर्यंत मी येत नाही तोपर्यंत थांब' मधून येतं. मराठीत तो 'नाही' लागतो, इंग्रजीत नाही: 'वेट अंटिल आय कम.' मुलांना आधी 'मी येईपर्यंत थांब' असं बदलून म्हणायला लावा. नकार मराठीतच गळून पडतो आणि इंग्रजी वाक्य सरळ येतं.

'सो–दॅट'चं 'टू–टू' करताना शेवटचं कर्म राहून जातं. 'द सॅक वॉज सो हेवी दॅट शी कुड नॉट लिफ्ट इट' याचं 'द सॅक वॉज टू हेवी फॉर हर टू लिफ्ट'. शेवटचा 'इट' जातो, आणि कर्ता वेगळा असल्याने 'फॉर हर' येतं. 'नॉट' ठेवायचा नाही, पहिल्या 'टू'ने नकार घेतलेला असतो.

अर्धविराम

स्वल्पविरामाचं सांगतो. गौण वाक्य आधी आलं तर त्याच्यानंतर स्वल्पविराम: 'व्हेन द रेन स्टॉप्ड, वी वेंट आउट.' तेच मागे गेलं तर सहसा लागत नाही: 'वी वेंट आउट व्हेन द रेन स्टॉप्ड.' दोन पूर्ण वाक्यांमध्ये 'बट', 'सो', 'अँड' असेल तर जोडाच्या आधी द्या, नंतर नाही. 'बट,' असं लिहिणारे खूप आहेत.

'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' अर्थाने 'पण' आणि 'म्हणून' असले तरी ती उभयान्वयी अव्ययं नाहीत, क्रियाविशेषणं आहेत. ती दोन वाक्यं जोडू शकत नाहीत. त्यांच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. ओळखायची खूण अशी: शब्द वाक्यात पुढे सरकवून बघा. 'ही, हाउएव्हर, केम' होतं. 'ही, बट, केम' होत नाही. सरकतो तो जोड नव्हे.

'बिकॉज'बद्दल आणखी एक. मराठीत 'तो आला नाही. कारण पाऊस होता.' अशी दोन वाक्यं सर्रास छापली जातात. इंग्रजी उत्तरपत्रिकेत 'बिकॉज इट वॉज रेनिंग.' एवढंच सुटं लिहिलं तर वाक्य अर्धवट धरलं जातं. पूर्णविराम काढून ते मागच्या वाक्याला चिकटवायचं.

कर्ता गाळण्याकडेही लक्ष द्या. मराठीत 'आला नाही, कारण आजारी होता' यात दुसरा कर्ता लागत नाही, क्रियापदच तो सांगतं. इंग्रजीत 'अँड', 'बट', 'ऑर'नंतर सामाईक कर्ता गाळता येतो: 'ही केम होम अँड स्लेप्ट.' 'बिकॉज'नंतर नाही. 'ही डिड नॉट कम बिकॉज वॉज इल' मध्ये 'ही' हवाच.

निळी शाई

मोजणी उद्यापासूनच सुरू करते. दोन शंका उरल्या. एका जुन्या मार्गदर्शकात 'ऑल्दो ही इज पुअर, येट ही इज ऑनेस्ट' बरोबर म्हणून छापलंय. मग मुलांनी 'बट' लिहिला तर चूक का? आणि 'आस्क्ड मी दॅट व्हेअर'चं काय करायचं?

खडूफळा

'येट' दोन कामं करतो. तो जोड म्हणून येतो, तसाच 'तरीही' या अर्थाचं क्रियाविशेषण म्हणूनही येतो. जुन्या लेखनात 'दो… येट' पुष्कळ सापडतं, कारण तिथे 'येट' दुसऱ्या वाक्यात नुसता जोर देतो. 'बट' या जागी क्रियाविशेषण होत नाही, म्हणून त्याला ती सूट नाही. छापलेलं चूक म्हणू नका, पण मुलांना 'येट'शिवायच लिहायला शिकवा. आजच्या लेखनात तो जादाच वाटतो, आणि एकदा परवानगी दिली की 'बट' मागच्या दाराने आत येतो.

'ऑल्दो'सोबत 'डिस्पाइट'ही घ्या, एकाचं दुसऱ्यात करायला सांगतात. 'ऑल्दो'पुढे पूर्ण वाक्य, 'डिस्पाइट'पुढे नाम किंवा 'आयएनजी' रूप: 'डिस्पाइट द रेन', 'डिस्पाइट बीइंग इल'. 'डिस्पाइट ऑफ' असं काही नाही. 'ऑफ' लागतो तो 'इन स्पाइट'ला.

भीमाकाठ

'आस्क्ड मी दॅट व्हेअर'लाही मोजणी लावा. 'आस्क्ड' आणि 'वॉज गोइंग' दोन क्रियापदं, 'दॅट' आणि 'व्हेअर' दोन जोड. एक जायला हवा, आणि प्रश्नाचा अर्थ 'व्हेअर'मध्ये असल्याने 'दॅट' जातो. तो मुळात आपला 'की' आहे: 'त्याने विचारलं की मी कुठे चाललोय'. मग शब्दक्रम साध्या वाक्याचा करा, आधी कर्ता: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.' प्रश्न हो-नाहीचा असेल तर जोड म्हणून 'इफ' किंवा 'व्हेदर'. प्रश्नचिन्ह काढायला मुलं विसरतात, तेवढं तपासा.

क्रम विचारलात, तर आधी 'अँड', 'बट', 'सो', 'ऑर' मोजणीसकट पक्के करा. मग 'बिकॉज' आणि 'ऑल्दो'. मग काळासाठी 'इफ', 'व्हेन', 'अंटिल', 'अनलेस'. त्यानंतर 'हू', 'विच' आणि अप्रत्यक्ष प्रश्न. 'नो सूनर' आणि 'नॉट ओन्ली' अगदी शेवटी, कारण तिथे शब्दक्रम उलटतो आणि आधीची घडी बसलेली नसेल तर सगळंच विस्कटतं.

अर्धविराम

'नॉट ओन्ली' घ्याल तेव्हा त्याची जागा सांभाळा. 'ही नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कोंकणी' यात एका बाजूला क्रियापद आणि दुसऱ्या बाजूला नाम तोललं जातंय. 'ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कोंकणी' असं करा, म्हणजे दोन्ही शब्दांच्या पुढे एकाच जातीचा शब्द येतो. 'आयदर–ऑर', 'बोथ–अँड' यांनाही हेच लागू. 'नायदर–नॉर'मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं: 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट.' 'ॲज वेल ॲज'मध्ये पहिल्या कर्त्याप्रमाणे: 'द टीचर ॲज वेल ॲज द स्टुडंट्स वॉज प्रेझेंट.' हे दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, वेगवेगळ्या दिवशी शिकवले तर मुलं हमखास गोंधळतात.