मदत हवी आहे: टॅनरची डॉक्युमेंटरी दाखवली, आता पोट्ट्यांशी बोलू काय?

राजेहो, जरा सल्ला द्या. रविवारी आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या क्लासच्या पोट्ट्यांना इव्हान टॅनरवरची डॉक्युमेंटरी दाखवली, तोच, 2005 मध्ये यूएफसीचा (अमेरिकेतली मिक्स मार्शल आर्ट्सची मोठी फाईट स्पर्धा) मिडलवेट चॅम्पियन झालेला, ग्रॅपलिंग, म्हणजे धरून-पाडून लढणं, म्हणे व्हिडिओ पाहून पाहून शिकला. मला वाटलं पोट्टे फाईटवर बोलतील, पण 2008 ला तो कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एकटा गेला अन् उन्हानं गेला, वय 37, हे आलं तसे दोघंतिघं हसले, "भाऊ, आपल्या नागपूरच्या मे महिन्यात राहून दाखवलं असतं तर!" मलाही आधी हसूच आलं, खोटं काहून बोलू.

पण मागं एक पोट्टा, सोळाचा असंल, समोशाची प्लेट तशीच हातात धरून बसला होता, चटणी पॅन्टवर सांडली तरी भान नाही. टॅनरच्या दारूचा भाग आला तेव्हापासूनच गप्प. घरी बापाचं तेच आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून क्लासला आला नाही.

घरी जाऊ का त्याच्या? का फोनच बरा? नागपुरात अशा घरच्या पोरांशी मराठीत नीट बोलणारं कोणी माहीत असंल तर सांगा नं, अन् हसणाऱ्यांना काय म्हणू तेही.