सापाच्या विषावर झाडपाला लॅबमध्ये चालतो, मग दवाखान्यात का नाही?

कणकवलीचा_पोर
आमच्याकडे फुरसं चावलं की अजूनही बरेच जण आधी मूळ उगाळून देणाऱ्याकडे जातात, मग दवाखाना. ह्यावरून काकांशी कायमचा वाद. आता काकांनी उलट मलाच रिसर्च पेपरच्या लिंका पाठवल्यात, की बघ अनंतमूळ, माका, अश्वगंधा, चिंचोके, सगळ्यांनी विष उतरवलंय, तुझे सायन्सवालेच म्हणतायत. आणि वाचलं तर खरंच तसं लिहिलंय! मग एवढं असूनसुद्धा घोड्याच्या रक्तातून काढलेलंच इंजेक्शन का देतात? फार्मा लॉबी वगैरे उत्तर नको, नीट सांगा कोणीतरी.

खलबत्ता
पेपर खोटे नाहीयेत. अनंतमुळातून १९९० च्या दशकात कोलकात्याच्या संशोधकांनी एक छोटा रेणू वेगळा काढला, घोणशीच्या विषाविरुद्ध काम करणारा. अश्वगंधेतलं एक ग्लायकोप्रोटीन नागाच्या विषातलं फॉस्फोलायपेज ए-टू नावाचं एन्झाइम अडवतं, ते म्हैसूरचं काम. माक्यातल्या वेडेलोलॅक्टोन नावाच्या रसायनावर ब्राझीलमध्ये बरंच काम झालंय.
पण काकांना सांगा निष्कर्ष सोडा, प्रयोगाची पद्धत वाचा. तिथे बहुतेक वेळा 'प्री-इन्क्युबेशन' सापडेल. म्हणजे विष आणि अर्क आधीच नळीत एकत्र करून ठेवतात आणि मग ते मिश्रण उंदराला टोचतात. आता चिंचोक्याचं टरफल, लाजाळूचं मूळ ह्यात टॅनिन भरपूर, आणि टॅनिन दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं, हिरडा चावल्यावर तोंड आवळतं ना, ते ह्यामुळेच. विष म्हणजे मुख्यतः प्रोटीनच, नळीत निकामी होणारच. खऱ्या चाव्यात विष आधीच अंगात भिनलेलं असतं आणि टॅनिन पोटातून रक्तात धड पोचतही नाही. विष आधी टोचून अर्क नंतर दिलेले प्रयोग शोधा, परिणाम बराच कमी झालेला दिसेल.

ड्युटीवरचा_डॉक्टर
वरचं बरोबर, त्यात थोडा हिशोब घालतो. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असं धरतात, आणि आपल्याकडच्या अँटिव्हेनमची (तेच घोड्याच्या रक्तातून काढलेलं इंजेक्शन) १० मिलीची एक बाटली त्यातलं साधारण ६ मिलिग्रॅम मारते, म्हणून सुरुवातच ८-१० बाटल्यांनी. उगाळलेल्या मुळात नक्की काय किती आहे, कोण सांगणार?
आणि सापसणीचं, म्हणजे ईश्वरीचं मूळ तर अजिबात नको. त्यातलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड फॉस्फोलायपेज अडवतं हे खरं, पण ते किडनी खराब करतं आणि कॅन्सरला कारण ठरतं हेही सिद्ध आहे. घोणशीच्या पेशंटची किडनी आधीच धोक्यात, त्यावर हे.
गंमत म्हणजे वनस्पतींची देणगी आम्ही वॉर्डात वापरतोच. नाग चावून पापण्या पडल्या की अँटिव्हेनमच्या जोडीला निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन देतो. निओस्टिग्मिन बनलं पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार बीमधल्या रसायनावरून, आणि ॲट्रोपिन बेलाडोनातलं, आपल्या धोत्र्यातही असतं (म्हणून धोत्रा खाऊ घालू नका कृपा करून, तसेही पेशंट येतात). मण्यारीत मात्र ह्याचा फारसा उपयोग नाही, तिचं विष नसांची टोकंच बिघडवतं.

बिळाबाहेर
मूळवाल्याचं नाव का होतं तेही सांगतो. धामण, दिवड, कवड्या चावला तरी माणूस मरत नाही. त्यात कवड्या अंधारात हुबेहूब मण्यार वाटतो. आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. हे सगळे 'वाचवलेले' त्याच्या खात्यावर जमा, दगावला तो नशिबाच्या खात्यावर.

कणकवलीचा_पोर
भारी 😄 मग ह्या संशोधनाला अर्थच नाही का? आणि काकांचा शेवटचा हट्ट, मूळ लावून लगेच दवाखान्यात नेलं तर काय बिघडतं?

खलबत्ता
अर्थ आहे की. शोध आहे छोट्या रेणूचा, गोळी म्हणून घरीच देता येईल आणि दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ मिळेल असा. सध्या पुढे आहे व्हॅरेस्प्लॅडिब, तेही फॉस्फोलायपेजच अडवतं, पण ते लॅबमध्ये बनवलेलं, आधी हृदयरोगासाठी तपासलेलं. भारत आणि अमेरिकेत माणसांवर ट्रायल झाली, मुख्य मोजमापात ठोस फरक दिसला नाही, लवकर दिलं तर थोडी आशा वाटते. आणि तेही अँटिव्हेनमच्या जोडीलाच. झाडातला रेणू अजून तिथवरही आलेला नाही.

ड्युटीवरचा_डॉक्टर
काकांचं उत्तर. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, आणि मूळ भरायला जखमेवर चीर दिली की ते थांबता थांबत नाही. नाग-मण्यारीत गिळण्याचे स्नायू ढिले पडतात, तेव्हा तोंडात ओतलेला काढा सरळ फुप्फुसात. काही न लावता, हातपाय न हलवू देता, आडवा करून आणा आणि साप मारून सोबत आणू नका, मोबाईलवर लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर तेही नको.