प्रेअरीवरचे शेतकरी आजोबा: आपापले अनुभव लिहावेत

धागाकर्ती, रिजायना

कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात, म्हणजे प्रेअरी या गवताळ मैदानी प्रदेशात, आम्ही नवीन असताना ज्या खेड्यात राहिलो, तिथल्या शेजारच्या शेतकरी आजोबांचे नव्वदी ओलांडून निधन झाल्याचे साप्ताहिकात वाचले. मृत्युलेखात त्यांच्या जमिनीला एकच ओळ मिळाली होती. उरलेला सगळा मजकूर मुले-नातवंडे, इस्पितळाची समिती, गावचा हॉल आणि कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचे मैदान यांविषयी होता. त्यामुळे त्यांनी सांगितलेल्या कितीतरी गोष्टी पुन्हा मनात आल्या.

त्यांच्या वडिलांना युक्रेनहून आल्यावर 160 एकरांचा तुकडा 10 डॉलर शुल्कात मिळाला होता. या तुकड्याला इथे अजूनही ‘क्वार्टर’ म्हणतात. तीन वर्षे तिथे राहायचे, गवताळ माळ फोडून ठरलेली जमीन लागवडीखाली आणायची आणि घर उभे करायचे, मग मालकी मिळायची, असा 1872 पासूनचा कायदा होता. आजोबांचे बालपण 1930 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. आई ताटे मेजावर पालथी मांडत असे आणि वाढायच्या क्षणीच ती सुलटी करत असे, कारण तेवढ्या वेळातही त्यांवर धुळीचा थर बसायचा. पूर्व किनाऱ्यावरून मदत म्हणून रेल्वेने खारवलेला कॉड मासा आला, तेव्हा ती लाकडासारखी कडक वस्तू कशी शिजवायची हे समुद्र न पाहिलेल्या त्या माउलीला उमगेना.

त्या वर्षांनी त्यांना एक गोष्ट शिकवली, ती त्यांनी आयुष्यभर पाळली: एकट्याचे शेत वाचत नाही, वाचला तर सगळा परिसर वाचतो. त्यांचे वडील 1924 मध्ये उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांच्या, गहू एकत्र विकणाऱ्या सहकारी ‘व्हीट पूल’चे सभासद होते. पुढे 1949 च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर, पुरेशी कुटुंबे सही करतील तरच तारा येतील असे कळल्यावर, तरुण वयातले हे गृहस्थ घरोघर फिरून सह्या गोळा करत होते. 1 जुलै 1962 रोजी सस्कॅचवनमध्ये सर्वांसाठी सरकारी वैद्यकीय विमा सुरू झाला आणि डॉक्टरांनी 23 दिवस संप केला. त्या काळात गावात सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. आजोबा योजनेच्या बाजूने ठाम उभे राहिले. मात्र विरोधातल्या शेजाऱ्याचे कंबाइन (कापणी-मळणीचे यंत्र) त्याच हंगामात बिघडले, तेव्हा आपली कापणी थांबवून ते त्याच्या शेतात गेले. ही हकीकत मला त्यांनी नव्हे, त्या शेजाऱ्याच्या मुलीने सांगितली.

आपल्यापैकी अनेकांना अशी माणसे भेटली असतील. जमेल तसे, जमेल तेवढे लिहावे.

सास्काटूनहून प्रतिसाद

मी इथे कृषी विषयाच्या अभ्यासासाठी आलो आणि ज्यांच्या शेतावर उन्हाळी काम केले, ते आजोबा मसूर पेरणाऱ्या पहिल्या पिढीतले होते. 1970 च्या दशकात गव्हाला भाव नव्हता, तेव्हा इथल्या विद्यापीठातले संशोधक अल स्लिंकार्ड यांनी मसुरीवर काम सुरू केले आणि 1978 मध्ये त्यांचे ‘लेअर्ड’ हे वाण आले. शेजारी म्हणत, हे कोण खाणार? आजोबांनी तरीही एक क्वार्टर मसुरीला दिला. हे पीक हवेतला नत्र जमिनीत धरते, म्हणून पुढच्या वर्षीचा गहू बरा येतो, हा त्यांचा हिशेब होता.

मसुरीच्या शेंगा जमिनीलगत लागतात आणि कापणीच्या पात्यात दगड गेला की यंत्र मोडते. त्यामुळे वसंतात घरातले सगळे दगड वेचायला शेतात उतरत, आणि पेरणीनंतर जड रूळ फिरवून उरलेले दगड दाबून टाकत. दरवर्षी बर्फ वितळले की जमीन नवे दगड वर टाकते. नव्वदीकडे झुकलेले आजोबा छोट्या ट्रॅक्टरवर बसून नातवंडांच्या मागोमाग दगडांची गाडी हाकत असत, आणि मोठा दगड निघाला की तो कोणत्या साली त्यांच्या वडिलांना हलला नव्हता हे सांगत.

एकदा मी त्यांच्याच मसुरीची आमटी केली, गोडा मसाला आणि कोकम घालून. चाळीस वर्षे पिकवलेले धान्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा भाताबरोबर खाल्ले आणि पत्नीसाठी कृती लिहून मागितली. डिसेंबर 2017 मध्ये भारताने मसुरीवर 30 टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा मी संकोचून गेलो होतो. ते म्हणाले, “तुमच्या शेतकऱ्यालाही भाव मिळायला हवा ना.”

वाशी, नवी मुंबईहून प्रतिसाद

आमचा कडधान्याचा घाऊक व्यापार आहे. कॅनडाच्या मसुरीची पोती मी लहानपणापासून पाहत आलो, पण त्यामागे दगड वेचणारे अख्खे घर असेल हे कधी मनात आले नव्हते. वडिलांना हा प्रतिसाद वाचून दाखवला.

मालवणहून, सध्या विनिपेग

खारवलेल्या माशाचे वाचून त्या आईसाठी जीव हळहळला. रात्रभर पाण्यात भिजत घालून, दोनदा पाणी बदलून तो शिजवायचा असतो, एवढे सांगणारे एक माणूस तिला मिळायला हवे होते. आमच्या घरी पावसाळ्यात सुक्या माशावरच दिवस निघत.

ब्रँडन, मॅनिटोबाहून प्रतिसाद

मी वृद्धनिवासात परिचारिका आहे. इथल्या एका शेतकरी आजोबांना आजची तारीख आठवत नाही, परंतु आपल्या जमिनीचा पत्ता ते इथल्या जमीनमोजणीच्या चौकोनांप्रमाणे न अडखळता सांगतात: कोणता क्वार्टर, कितवा सेक्शन, कोणती टाउनशिप, कोणती रेंज. पाऊस पडला की किती पडला हे विचारतात आणि मी सांगितलेला आकडा वहीत लिहून ठेवतात. मी आता घरून निघताना पर्जन्यमापक पाहूनच निघते.

एडमंटनहून प्रतिसाद

आजोबांविषयी सगळे लिहीत आहेत, तर आजींविषयी कोणीतरी लिहिलेच पाहिजे. भाजीचा मळा, कोंबड्या, गाई, जमाखर्चाच्या वह्या, हंगामात शेताच्या बांधावर पोहोचवलेले जेवण, आणि गरज पडली की ट्रक किंवा ट्रॅक्टर, हे सगळे त्यांनी केले. जमिनीच्या कागदावर मात्र बहुधा एकट्या पतीचे नाव असे. अल्बर्टातल्या आयरीन मर्डॉक यांनी वर्षानुवर्षे रँचवर (गुरे पाळण्याच्या मोठ्या शेतावर) गवतकापणीपासून गुरे हाकण्यापर्यंत कामे केली, आणि तरीही 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मालमत्तेत वाटा नाकारला. त्या निकालाने देशभर संताप उसळला आणि पुढच्या काही वर्षांत प्रांतोप्रांतीचे कायदे बदलले. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा तरुण शेतकरीण होत्या. निकाल रेडिओवर ऐकल्यावर त्यांनी पतीसमोर कागद ठेवला आणि पतीनेही त्याच आठवड्यात दोघांची नावे लावून घेतली, हे त्या अभिमानाने सांगतात.

रिजायनाहून आणखी एक प्रतिसाद

धागा सुंदर आहे, पण एक बाजू राहून जाते. हा माळ रिकामा नव्हता. सरकारशी 1874 चा चौथा करार आणि 1876 चा सहावा करार झाल्यावर इथल्या मूळ रहिवाशांना राखीव क्षेत्रांत जावे लागले. त्यांना शेतीसाठी अवजारे देण्याचे वचन होते, तरी त्यांतले जे शेतकरी पुढे येऊ लागले त्यांच्यावर यंत्रे वापरण्याचे आणि परवान्याशिवाय धान्य विकण्याचे निर्बंध आले. स्थलांतरितांना 10 डॉलरमध्ये जमीन मिळाली, त्या जमिनीची किंमत कोणीतरी दुसऱ्यानेच मोजली होती.

धागाकर्ती

आपण लिहिलेत हे फार बरे झाले. आजोबांच्या शेताला लागूनच राखीव क्षेत्र होते आणि वडिलांच्या पहिल्या हिवाळ्यात तिथल्याच एका कुटुंबाने त्यांना मांस आणि सरपण दिले होते. आजोबा नातवंडांना ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी म्हणत, की ते ऋण आम्ही फेडलेले नाही.

एडमंटनच्या ताईंनाही धन्यवाद. आजींनी गावच्या हॉलमधले शरद ऋतूतले सामूहिक जेवण कित्येक वर्षे सांभाळले. टर्की, बटाटे, कोबीचे रोल आणि ‘पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थाच्या रांगा, आणि आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर दुसऱ्या वर्षीपासून आमच्यासाठी बाजूला ठेवलेले पेरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या.

कॅल्गरीहून प्रतिसाद

माझा अनुभव थोडक्यात लिहितो. मी ट्रक चालवतो. एका शेतकऱ्याला सप्टेंबरमध्ये हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा आसपासची कंबाइन त्याच्या शेतात न बोलावता आली आणि संध्याकाळपर्यंत गहू कोठारात पडला. धान्य वाहायला मीही होतो. डिझेलचे पैसेसुद्धा कोणी घेतले नाहीत. तो बरा होऊन पुढच्या हंगामात स्वतः दुसऱ्याच्या शेतात गेला.

पुण्याहून प्रतिसाद

पुढच्या जूनमध्ये मुलीकडे विनिपेगला येणार आहे. रेल्वेरुळांकडेची ती उंच लाकडी धान्यकोठारे अजून पाहायला मिळतात का?

धागाकर्ती

फार थोडी उरली आहेत. धान्यवाहतुकीची जुनी सवलत 1995 मध्ये संपली, रेल्वेचे छोटे फाटे बंद पडत गेले आणि त्यांच्या जागी काँक्रीटची अजस्र कोठारे आली. मात्र मॅनिटोबातच इंग्लिस या गावी एका रांगेतली पाच जुनी कोठारे राष्ट्रीय वारसास्थळ म्हणून जपली आहेत. मुलीला गाडीने न्यायला सांगा आणि जाण्यापूर्वी ती कोणत्या दिवशी आतून पाहता येतात याची चौकशी करा.