अपोलो ११ च्या पॅचवर नावं का नाहीत?

प्रश्न: बाकी बऱ्याच मोहिमांच्या भरतकामाच्या पॅचवर अंतराळवीरांची आडनावं असतात, मग इथे फक्त गरुड, चंद्र आणि लांबवर पृथ्वी एवढंच का?

उत्तर १: मुद्दामच. हजारो लोक राबले, त्या सगळ्यांचं यश वाटावं म्हणून तिघा अंतराळवीरांनी नावं टाकली नाहीत. कल्पना मुख्यतः त्यांच्यातल्या मायकल कॉलिन्सची. ऑलिव्हची फांदी आधी चोचीत होती पण रिकामे पंजे फार आक्रमक दिसतात असं वरिष्ठांना वाटलं म्हणून ती पंजात आली, आणि मला विचाराल तर सगळा अर्थ तिथेच आहे, शांततेसाठी आलोय हा.

उत्तर २: जेमिनी ५ (अपोलोच्या आधीची अमेरिकी अंतराळ मोहीम) चा पॅच पण बघा, १९६५ चा. त्यावरचं ८ दिवसांचं ब्रीद उड्डाणाआधी कापडाने झाकायला लावलं, मोहीम लवकर संपली तर अपयश वाटेल म्हणून!

उत्तर ३: अपोलोच्या स्पेससूटवरचे पॅच मात्र न जळणाऱ्या बीटा कापडावर छापलेले असायचे, अपोलो १ च्या यानात चाचणीवेळी लागलेल्या आगीनंतर.