पेशीशास्त्र आणि आनुवंशिकीची उजळणी: गुणसूत्रांची मोजणी, मुळाची स्लाइड, संभाव्यतेची गणितं

शिवाजीपेठ_बीएस्सी
नमस्कार. कोल्हापुरात बीएस्सी भाग एकला आहे. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही परीक्षा तोंडावर आल्यात. बारावीला पाठांतरावर निभावलं, आता अडतंय. अर्धसूत्री विभाजनात कुठल्या टप्प्याला किती गुणसूत्रं, किती क्रोमॅटिड, किती डीएनए याचं उत्तर दर वेळी वेगळं येतं. कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर नुसत्या लांबट पेशी दिसतात, मेटाफेज (गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात तो टप्पा) सापडतच नाही. जेनेटिक्सच्या गणितात काय-स्क्वेअर आणि वंशावळ चुकते. सुरुवात कुठून करू?

सेंट्रोमिअर_मोजा
सुरुवात मोजणीपासून कर, कारण पुढची निम्मी गणितं तिच्यावरच उभी आहेत. नियम एकच: जितके सेंट्रोमिअर (गुणसूत्राच्या क्रोमॅटिडना, म्हणजे जुळ्या धाग्यांना जोडणारा सांधा), तितकी गुणसूत्रं. डीएनए दुप्पट झाला म्हणून गुणसूत्रं दुप्पट होत नाहीत.

माणसाची पेशी घे. जी-१ मध्ये, म्हणजे डीएनएची नक्कल होण्याआधी, ४६ गुणसूत्रं, डीएनए २ सी (१ सी म्हणजे एका युग्मकातला, म्हणजे शुक्राणू किंवा अंडपेशीतला डीएनए). एस टप्पा, म्हणजे नक्कल, संपला की क्रोमॅटिड ९२ आणि डीएनए ४ सी, पण गुणसूत्रं ४६च. समसूत्री विभाजनाच्या अॅनाफेजला सेंट्रोमिअर दुभंगतात, म्हणून पेशी दुभागेपर्यंत तिच्यात ९२ गुणसूत्रं असतात. बरेच जण इथे ४६ लिहून गुण घालवतात.

अर्धसूत्रीच्या पहिल्या अॅनाफेजला सेंट्रोमिअर दुभंगत नाहीत, सजातीय जोड्या (एक आईकडचं, एक वडिलांकडचं) सुटतात. प्रत्येक नव्या पेशीत २३ गुणसूत्रं, पण प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड, म्हणजे डीएनए २ सी. दुसऱ्या विभाजनानंतर २३ आणि १ सी. दोन्हींच्या मध्ये एस टप्पा नाही. थोडक्यात, गुणसूत्रांची संख्या पहिल्या विभाजनात निम्मी होते, डीएनए मात्र दोन्ही वेळा निम्मा होतो.

हे नुसतं वाचू नकोस, काढ. दोन जोड्या घे, एक लांब, एक आखूड. आईकडची लाल, वडिलांकडची निळी. पहिल्या मेटाफेजला जोड्या उभ्या राहण्याच्या दोन्ही तऱ्हा काढल्यास की चार प्रकारची युग्मकं समोर येतात. मेंडेलचा स्वतंत्र विभक्तीचा नियम तो हाच, वेगळा पाठ करावा लागत नाही.

‘महत्त्व लिहा’ असा प्रश्न आला तर उसाचं उदाहरण दे. को ८६०३२ हा वाण आपण टिपरी लावून वाढवतो, त्यात फक्त समसूत्री विभाजन, म्हणून अख्ख्या फडाचा जनुकसंच एकच. नवा वाण काढायचा तर तुऱ्यावर संकर करावा लागतो, कारण जनुकांची नवी जुळणी अर्धसूत्री विभाजनातच होते.

स्लाइडबॉक्स
लांबट पेशी दिसतात याचा अर्थ तुम्ही मुळाचा चुकीचा भाग दाबताय. विभाजन टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्येच होतं, त्याच्या वर पेशी नुसत्या लांब होतात. रंग दिल्यावर टोक गडद दिसतं. तेवढंच ठेवा, बाकीचं ब्लेडने कापून टाका.

कांद्याची जुनी सुकलेली मुळं खरवडा आणि बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा ठेवा. जास्त बुडाला की कुजतो. पाणी रोज बदला. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर रात्रभर उघडं ठेवून वापरा. मुळं एक-दोन सेंटिमीटरची झाली की सकाळी कापा आणि लगेच तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड यात २४ तास ठेवा. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये टिकतात.

पुढची पायरी सगळ्यात जास्त बिघडते. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिड, ६० अंश सेल्सिअस, पाच ते आठ मिनिटं. अॅसिड पेशींना जोडणारं पेक्टिन सैल करतं. वेळ कमी पडली तर पेशी थरावर थर राहतात, जास्त झाली तर लगदा होतो आणि रंगही फिका बसतो. तीव्र अॅसिड साधारण १२ नॉर्मल असतं, म्हणून १०० मिलिलिटरला ८.३ मिलिलिटर लागतं. अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही.

मग पाण्याने धुऊन अॅसिटोकार्माइन, म्हणजे गुणसूत्रं रंगवणारा लाल रंग. टोक लोखंडी सुईने फोडलं तर लोहामुळे रंग गडद होतो. स्लाइड किंचित शेकवा, उकळी येऊ देऊ नका, बुडबुडे अडकतात. वर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप आडवी सरकली की पेशी गुंडाळल्या जातात.

कांद्यात १६ गुणसूत्रं असतात. प्रोफेज, म्हणजे विभाजनाचा पहिला टप्पा, जास्त दिसतील, कारण तो टप्पा जास्त वेळ चालतो. तोंडी परीक्षेला हे हमखास विचारतात.

शिवाजीपेठ_बीएस्सी
खूप आभार. वंशावळीतलं एक: भावाला थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा अप्रभावी आनुवंशिक आजार), आईवडील दोघंही वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले पण निरोगी, बहीण निरोगी. ती वाहक असण्याची शक्यता १/२ की २/३?

५५६_वाटाणे
२/३. चार शक्यतांपैकी एक, म्हणजे आजारी असण्याची, बहीण निरोगी आहे म्हटल्यावर बाद झाली. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहक. तिचा नवरा वाहक असल्याचं माहीत असेल तर बाळ आजारी असण्याची शक्यता २/३ × १/४ = १/६. बहिणीची तपासणी झालेली नसेल तरच हे गणित. अहवाल हातात असेल तर २/३ च्या जागी १ किंवा ० येतं.

काय-स्क्वेअर म्हणजे मिळालेले आकडे अपेक्षित प्रमाणाशी जुळतात का याची चाचणी. त्यासाठी मेंडेलचेच १८६६ सालचे, दोन गुणांच्या संकरातल्या वाटाण्यांचे आकडे घे: ३१५, १०१, १०८, ३२, एकूण ५५६. ९:३:३:१ प्रमाणे अपेक्षित ३१२.७५, १०४.२५, १०४.२५, ३४.७५. प्रत्येक फरकाचा वर्ग अपेक्षित संख्येने भागून बेरीज केली की साधारण ०.४७ येतं. स्वातंत्र्य अंश (गटांची संख्या वजा एक) ४ − १ = ३, तक्त्यातली ०.०५ ची मर्यादा ७.८१५. आपलं उत्तर त्याच्या खाली, म्हणून ९:३:३:१ हे गृहीतक नाकारता येत नाही. ‘सिद्ध झालं’ असं लिहू नकोस. आणि सूत्रात टक्केवारी घालू नकोस, मूळ संख्याच घाल, नाहीतर नमुना केवढा होता हेच हरवतं.

वंशावळ हातात आली की आधी आजारी मुली शोध. मुलगी आजारी आणि वडील निरोगी असतील तर एक्स-संलग्न अप्रभावी (जनुक एक्स गुणसूत्रावर, एक निरोगी प्रत असली की आजार झाकला जातो) हा पर्याय तिथेच खोड. आईवडील दोघंही निरोगी आणि मूल आजारी असेल तर गुण अप्रभावी. या दोन तपासण्या झाल्यावरच जनुकप्ररूपं लिहायला घे.