जुना शेवरोले पिकअप: कागदावर १९५४, गाडी नक्की कधीची?

जुनीचाकं (प्रश्न):
मंडळी, मदत हवी आहे. शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेला शेवरोलेचा अर्ध्या टनाचा पिकअप घेतलाय. कागदपत्रांवर साल १९५४. पण समोरची काच मध्ये पट्टी असलेली, दोन तुकड्यांची आहे आणि ग्रिलला पाच आडव्या पट्ट्या आहेत. दरवाज्यांना पुढे छोटी तिकोनी काच आहे, बाहेरचं हँडल खाली फिरवून उघडायचं. पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे. इंजिन सहा सिलिंडरचं, पूर्ण जाम. शनिवारपासून खोलायला घेणार आहे. त्याआधी साल कळलं तर बरं, नाहीतर चुकीचे पार्ट मागवले जातील.

सहासिलिंडर:
शनिवारी पाना हातात घेऊ नका. आधी गाडी वाचून काढा, खोलल्यावर निम्म्या खुणा जातात. माझ्याकडे याच घराण्यातली गाडी आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो, ही १९५४ ची नाही. त्या वर्षी समोरची काच एकसंध, वळणदार झाली आणि ग्रिलही बदललं. टाकी केबिनमध्ये आली १९४९ पासून, तिकोनी काच १९५१ पासून. बटण दाबून उघडायची हँडलं १९५२ मध्ये आली. तुमच्याकडे तिकोनी काच आहे पण बटण नाही, म्हणजे गाडी १९५१ ची किंवा १९५२ च्या सुरुवातीची. अर्थात दरवाजे नंतर बदललेले नसतील तर.

पक्कं उत्तर ड्रायव्हरच्या बाजूच्या दरवाज्याच्या खांबावरच्या पत्र्याच्या पट्टीवर मिळेल. तिच्यावर रंग चढला असेल तर थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने हळूहळू पुसा. तारेचा ब्रश लावाल तर अक्षरं जातील. पट्टीचे रिव्हेट काढायचेच नाहीत.

आणि इंजिनाच्या बाजूचं पुशरॉडचं (व्हॉल्व्ह ढकलून उघडणाऱ्या दांड्यांचं) झाकण बघा. ते उंच असून स्पार्क प्लगपर्यंत वर गेलेलं असेल तर बहुधा २१६ घनइंच आकारमानाचं जुनं इंजिन. प्लगच्या खालीच संपत असेल तर ते २१६ नव्हे.

पत्राकाम:
साल कळेपर्यंत एक चुंबक घेऊन गाडीभोवती फिरा. केबिनचे मागचे खालचे कोपरे, पायऱ्या, दरवाज्यांच्या पुढचा खालचा पत्रा, केबिनमधला पायाखालचा पत्रा आणि केबिन चेसिसवर बसते त्या जागा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पुट्टीखाली भोक आहे असं समजा. पायातला रबर उचलून बघायला विसरू नका, पाणी तिथेच साचतं. बोनेट, छप्पर आणि दरवाज्यांवर सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने रंग-गंज उडवणं) करू देऊ नका. सपाट पत्रा एकदा लाटा मारायला लागला की सरळ करणं फार जिकिरीचं. चेसिसला आणि चाकांना खुशाल करा.

जुनीचाकं:
पट्टी पुसली! ५जेपीएच आणि पुढे आकडे. पुशरॉडचं झाकण बुटकं आहे. ब्लॉकच्या बाजूला ओतीव अक्षरं सापडली: ए २० ४. आणि सीट काढल्यावर टाकीमागे, जिथे नंतरचा रंग पोचलाच नाही, तिथे गडद हिरवा रंग दिसला. बाहेरून गाडी निळी आहे.

सहासिलिंडर:
वा! यात सगळं आलं. ५ म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना, जेपी म्हणजे १९५१ चा अर्ध्या टनाचा, एच म्हणजे आठवा महिना. गाडी ऑगस्ट १९५१ ची. तो हिरवा फॉरेस्टर ग्रीन असणार, शेवरोले ट्रकचा त्या वेळचा नेहमीचा रंग. तो तुकडा घासू नका, त्यावर मेणाचा हात फिरवून ठेवा. रंग जुळवायला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

ब्लॉकवरची तारीख म्हणजे २० जानेवारी १९५४. म्हणजे इंजिन नंतर बसवलेलं आहे. त्या काळी बऱ्याच ठिकाणी नोंदणी इंजिन नंबरवर व्हायची, त्यामुळे कागदावरचं १९५४ इथूनच आलं असावं. माझ्या मते हे इंजिन ठेवाच. ते २३५ घनइंचाचं दिसतंय, ओतीव नंबरवरून खात्री करा. जुन्या २१६ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तेल उडवून मिळतं आणि ती बेअरिंग ओतलेल्या बॅबिटची (मऊ मिश्रधातूची) असतात. १९५४ च्या २३५ मध्ये दाबाने तेल जातं आणि बेअरिंगच्या पट्ट्या बदलता येतात. गाडी चालवायची असेल तर हा फरक मोठा आहे.

जाम सोडवताना घाई नको. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ, झिरपणारं तेल सोडा, मुरू द्या, मग क्रँकच्या पुलीवरून हातानेच थोडंसं पुढे, थोडंसं मागे. गाडी ओढून गिअरमध्ये टाकून फिरवाल तर पिस्टनच्या रिंगा तुटतील, अडकलेल्या व्हॉल्व्हचे पुशरॉड वाकतील.

जुनीचाकं:
मनापासून आभार. बॅटरी बारा व्होल्टची करू का? सगळे म्हणतात सहा व्होल्टवर सेल्फ रडतच फिरतो.

सहासिलिंडर:
करू नका. सेल्फ रडतो तो बहुतेक वेळा बारा व्होल्टच्या पातळ केबल लावल्यामुळे. सहा व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाडजूड हवी आणि चेसिस व इंजिनाकडची अर्थिंगची जागा घासून लख्ख हवी. अर्थिंग निगेटिव्ह आहे, बॅटरी उलटी जोडू नका.

सगळ्यात आधी मात्र ब्रेक. १९५० पर्यंत अर्ध्या टनाच्या गाड्यांना हक कंपनीचे ब्रेक होते, १९५१ पासून बेंडिक्सचे. म्हणून चाकांचे ब्रेक ड्रम काढून आत काय आहे ते बघा, जुना ॲक्सल बसवलेला असू शकतो. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या कापडाने पुसा. आणि ड्रम निघाल्यावर चारही चाकांचे फोटो इथे टाका, बघून सांगतो काय मागवायचं ते.