सीमेवरच्या मातीच्या घरांचे जतन : नाशिकच्या वाड्यांवर शिकलेले लडाखमध्ये कितपत चालेल?

प्रश्न : गोदाकाठ

मी नाशिकमध्ये वास्तुविशारद म्हणून काम करते. गेली आठ वर्षे जुन्या नाशकातले वाडे आणि घाटाजवळची दोन लहान देवळे यांची दुरुस्ती हेच माझे मुख्य काम राहिले आहे. लडाखमध्ये, कारगिल जिल्ह्यात नियंत्रण रेषेजवळच्या एका गावातली जुनी मशीद आणि तिच्या भोवतीची सहा-सात घरे दुरुस्त करण्यासाठी दोन हंगाम याल का, अशी विचारणा मला झाली आहे. जाण्याची इच्छा मनापासून आहे, पण होकार देण्यापूर्वी तिकडे काम केलेल्यांचे ऐकावे असे वाटते.

माझी शंका कुठून आली ते सांगते. मागच्या वर्षी भद्रकालीच्या बाजूला एका वाड्यात आम्ही आतल्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा उतरवत होतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणीतरी भिंत पक्की करायची म्हणून तो चढवला होता. चैत्राचे ऊन असतानाही आतली पांढऱ्या मातीची भेंडी (कच्ची वीट) ओली होती आणि हात लावताच पाझरलेल्या गुळासारखी बोटांना चिकटत होती. त्या भिंतीत अर्धा गाडला गेलेला सागवानी खांब वरून पाहिला तर त्याचे कमळ, वेलबुट्टी सगळे शाबूत होते, आणि बुंधा मात्र नखाने उकरावा इतका कुजला होता. ज्याने गिलावा केला त्याची नियत वाईट नव्हती. त्याला त्या भिंतीचा स्वभाव ठाऊक नव्हता. लडाखच्या भिंतीसमोर मी नेमकी त्याच्या जागी उभी असेन, ही भीती मला आहे.

म्हणून तीन गोष्टी विचारते. चुना, सुरखी (विटांची भुकटी), सागवान यांवर बेतलेले आपले ज्ञान तिथे चालते का? दोन हंगामांनंतर आम्ही परत आलो की त्या घरांचे काय होते? आणि सीमेलगतच्या गावात, जिथल्या लोकांनी एका आयुष्यात देश बदललेला पाहिला आहे, तिथे बाहेरून आलेल्या माणसाने कोणत्या अधिकाराने ‘हे राखा, हे काढा’ असे म्हणावे?

उत्तर : चुनाघाणी

मी लेहच्या पश्चिमेकडच्या गावांत चार उन्हाळे काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

घरांच्या कामात तिकडे चुन्याला फारशी जागा नाही, सगळा खेळ मातीचा आहे. मात्र छताची रचना पाहिली की नाशिक, बागलाण, खानदेशातले धाबे, म्हणजे मातीचे सपाट छत, पाहिलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. भिंतीवर पॉप्लरच्या गोल तुळया, त्यांवर विलोच्या सोललेल्या काठ्या एकमेकींना चिकटवून अंथरलेल्या, त्यांवर गवताचा किंवा झुडपांचा थर आणि सगळ्यांत वर माती. लेह भागात तुळईला दुंगमा म्हणतात, काठ्यांना तालू, आणि वरच्या लेपासाठी जी बारीक चिकण माती वापरतात ती मारकालक. जुन्या मंदिरांच्या छतात मातीखाली भूर्जपत्राचे थरही सापडतात, पाणी खाली उतरू नये म्हणून घातलेले. तुमच्याकडे धाबे घालणारा म्हातारा गवंडी अजून असेल तर जाण्याआधी त्याच्याबरोबर चार दिवस घालवा. चुना मळायच्या घाणीपेक्षा तो अनुभव तुम्हाला तिथे अधिक उपयोगी पडेल.

आता ज्या चुकीतून मी शिकलो ती. एका प्रार्थनागृहाच्या आतल्या भिंतींवर जुनी चित्रे होती आणि त्यांवरून छताच्या गळतीचे मातकट ओघळ आले होते. आम्ही पहिल्या हंगामात चित्रांपाशीच अडकलो. दुसऱ्या हंगामात छताला एक चौकोनी खाच पाडली तेव्हा मातीची जाडी दीड फुटाच्या आसपास निघाली. थर स्पष्ट मोजता येत होते, कारण प्रत्येकाचा रंग थोडा वेगळा होता. गळती लागली की प्रत्येक पिढीने वरून नवी माती टाकली होती आणि खालची कोणीच काढली नव्हती. दीड फूट माती म्हणजे एका चौरस मीटरवर साधारण ७०० किलो वजन, आणि हिवाळ्यातला बर्फ त्यावर वेगळा. तुळया मधोमध लवल्या होत्या, लवलेल्या जागी पाणी साचत होते, आणि ते थांबवायला पुन्हा माती पडत होती. चित्रांचा आजार छतावर होता.

माती काढतानाही घाई चालत नाही. आधी खालून टेकू, मग दोन्ही कडांकडून सारख्या पट्ट्यांनी माती उचलायची, कारण एका बाजूचा भार अचानक हलका झाला तर वर्षानुवर्षे वाकलेली तुळई उसळते आणि तिच्या टोकाखालचा भिंतीचा गिलावा चित्रासकट सुटतो. आम्ही जेवढी माती काढली तिच्या निम्म्याहून कमी परत घातली, पन्हळीकडे नीट उतार दिला आणि मगच चित्रांकडे वळलो.

सिमेंटचा अनुभव तुम्हाला आहेच. तिथे त्यात गोठण्याची भर पडते. गिलाव्यामागे अडकलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते आणि वसंतात सिमेंटचा अख्खा पापुद्रा मातीचा थर घेऊन खाली येतो.

एक बाब मात्र परंपरेच्या बाहेरची आहे आणि तिचे उत्तर जुन्या मिस्त्रीकडेही तयार नाही. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ मिळतो, आणि ही छते त्या हवेसाठी बनली आहेत. २०१० च्या ऑगस्टमध्ये, ५ तारखेच्या रात्री, ढगफुटी झाली तेव्हा दोनशेहून अधिक माणसे गेली आणि मातीची घरे अक्षरशः विरघळली. त्यानंतर कित्येकांना मातीच्या छतावर पत्रा हवासा वाटू लागला. त्यांना नावे ठेवू नका. उतार वाढवणे, पन्हळी लांब करून पाणी भिंतीपासून दूर टाकणे आणि भिंतीच्या माथ्यावर जाड मारकालकचा कठडा घालणे एवढे केले तरी मातीचे छत पुष्कळ तग धरते, हे मी पाहिले आहे. ते त्यांना बोलून पटत नाही, एका घरावर करून दाखवावे लागते.

उत्तर : देवळालीकर

ताई, मी वास्तुविशारद नाही. तोफखान्यात नोकरी झाली, कारगिल आणि नुब्रा दोन्हीकडे राहिलो आणि निवृत्तीनंतर देवळालीत स्थायिक झालो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर थोडे लिहावेसे वाटले.

१९७१ च्या युद्धात श्योक नदीकाठची तुर्तुक, त्याक्शी, चालुंका आणि थांग ही बाल्टी लोकांची गावे पाकिस्तानकडून भारताकडे आली. लोक, शेते, जर्दाळूची झाडे जागच्या जागी राहिली आणि देश बदलला. कोणाचा भाऊ सीमेपलीकडच्या खपलूला गेला होता तो तिकडेच राहिला. कारगिलजवळच्या हुंदरमानचेही तसेच झाले. फरक एवढाच की तिथली जुनी वस्ती पुढे ओस पडली. डोंगराच्या कुशीत एकावर एक चढलेली ती दगड-मातीची घरे मी आतून पाहिली आहेत. कोनाड्यात ठेवलेल्या वस्तू, पत्रे यांचे आता तिथेच लहानसे संग्रहालय झाले आहे आणि ते मन हलवणारे आहे. परंतु ज्या घरांत कोणी राहत नाही त्यांची छते एकेक करून खाली बसली आहेत. तुर्तुकमध्ये लोक राहतात, चूल पेटते, बर्फ पडला की पहाटे माणूस फावडे घेऊन छतावर चढतो. एवढ्यावरच ती घरे उभी आहेत, असे माझ्यासारख्या अडाण्याचे निरीक्षण आहे.

दुसरे असे की, या भागातली सुतारकी सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे. लाकडाच्या चौकटी एकावर एक रचून त्यांच्या पोटात दगड-माती भरण्याची रीत, जाळीच्या खिडक्या, मशिदींचे कोरीव खांब हे सगळे पलीकडेही तसेच आहे. पलीकडे आगा खान यांच्या सांस्कृतिक न्यासाने हुंझाचा बाल्टित किल्ला, शिगरचा किल्ला आणि खपलूचा राजवाडा अशी मोठी कामे केली. त्यांतल्या बाल्टितला २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. तुर्तुकहून खपलू नदीच्या वाटेने फार दूर नाही, पण तिथला सुतार इकडे येऊ शकत नाही आणि इकडचा तिकडे जाऊ शकत नाही. तेव्हा त्या कामांचे छापील आराखडे आणि छायाचित्रे मिळवून आपल्या गावातल्या सुतारापुढे ठेवता आली, तर त्याच्या आजोबांची कला त्याला कागदावरून तरी परत मिळेल. हे काम बाहेरचा माणूसच करू शकतो, आणि मला वाटते त्याचा अधिकारही तेवढाच.

व्यवहाराचे सांगतो. मोजणी, छायाचित्रण आणि विशेषतः ड्रोन यांबाबत जिल्हा प्रशासन आणि तिथली लष्करी तुकडी यांची लेखी परवानगी आधी घ्या. गावकऱ्यांवर त्याचा बोजा टाकू नका. तुम्ही परत जाल, चौकशीला उत्तर त्यांना द्यावे लागते. श्रीनगरचा रस्ता झोजिलावरून येतो. हिवाळ्यात तिथे बर्फ आणि हिमकडे कोसळण्याचा धोका असतो, त्यामुळे लाकडासारखे जड सामान आदल्या शरदातच पोचलेले बरे.

उत्तर : कच्छचा हंगाम

वरची दोन्ही उत्तरे वाचली. देवळालीकरांनी सांगितलेली गोष्ट मी दुसऱ्या सीमेवर पाहिली आहे. कच्छमधले लखपत हे कोरी खाडीच्या तोंडावरचे एकेकाळचे श्रीमंत बंदर. १८१९ च्या भूकंपाने रणात जमीन उचलली गेली, तो उंचवटा म्हणजे अल्लाहबंध, सिंधूच्या फाट्याचे पाणी तुटले आणि गाव रिकामे होत गेले. जमादार फतेह मोहम्मद यांनी १८०१ मध्ये बांधलेला कोट मैलोन् मैल उभा आहे आणि आत माणसे मोजकी आहेत. मक्केच्या वाटेवर गुरू नानक इथे थांबले होते अशी श्रद्धा असलेला तिथला गुरुद्वारा २००१ च्या भूकंपात खचला, पण तो दुरुस्त झाला आणि त्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आज तो नीटनेटका आहे, कारण तिथे रोज झाडलोट होते आणि लंगर शिजतो. कोटाच्या भिंतीचे तसे नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बास्गोचे उदाहरण अभ्यासा. लेहच्या पश्चिमेला असलेल्या या गावातली मैत्रेयाची मातीची देवळे २००० मध्ये जगातल्या शंभर धोक्यातील वास्तूंच्या यादीत होती. गावाने स्वतःची समिती उभी केली, तज्ज्ञ बाहेरून आले तरी काम गावाच्या हाती राहिले, आणि २००७ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा सर्वोच्च दर्जाचा पुरस्कार मिळाला. लेहच्या जुन्या गावात तिबेट हेरिटेज फंडाने घरे दुरुस्त केली तेव्हाही घरमालकाने खर्चाचा वाटा उचलावा, असा आग्रह होता. पैसा घातलेला माणूस पुढच्या हिवाळ्यात छतावर चढतो.

चुनाघाणी यांच्याशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. त्यांनी छताबद्दल लिहिले ते योग्यच, पण भूकंपाचा उल्लेख केला नाही. कच्छमध्ये मी पाहिले की दुपदरी दगडी भिंतींचे दोन पदर वेगळे होऊन बाहेर फुगले आणि मग वजनदार छत सरळ खाली आले, कारण दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. तुम्ही गिलावा उतरवाल तेव्हा आरपार दगड आहेत का आणि कोपऱ्यांवर लाकडी पट्टे एकमेकांत अडकवलेले आहेत का, हे आधी पाहा. नसतील तर ते नव्याने घाला, जरी मूळ बांधणीत ते नसले तरी. जुन्या रूपाशी प्रामाणिक राहण्यासाठी माणसांना धोक्यात झोपवणे मला पटत नाही. वारसा जतनाचे काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या २००४ च्या सनदेतही परंपरेने चालत आलेल्या कारागिरांचे ज्ञान हाच वारशाचा भाग मानला आहे, आणि त्या कारागिरांनी काळाप्रमाणे बदल केलेच होते.

उत्तर : चुनाघाणी

मतभेद मान्य. आरपार दगडांचा मुद्दा मी लिहायला हवा होता. माझी एवढीच पुस्ती की लाकडी पट्टे घालायचे तर तिथल्याच रीतीने, तिथल्या सुताराकडून, आणि वाळलेल्या लाकडाचे. ओले पॉप्लर दोन वर्षांत आकसते आणि सांधे खुळखुळू लागतात.

गोदाकाठ

तिघांचीही मनापासून आभारी आहे. मी होकार कळवते आहे, पण एक अट घालून: पहिल्या हंगामात मशिदीला हात न लावता ज्या घरात माणसे राहतात अशा एकाच घराचे छत, त्या घरच्यांबरोबर, पूर्ण करायचे. बास्गोच्या समितीने कामाची विभागणी कशी केली होती, याची माहितीही गोळा करते आहे.

तोपर्यंत एक विनंती. सिन्नर, येवला, कळवण किंवा बागलाणात अजून स्वतःच्या हाताने धाबे घालणारे, पांढरी माती कुठल्या खाणीची आणि किती तुडवायची हे सांगू शकणारे गवंडी कोणाच्या ओळखीचे आहेत का? मृगाच्या आधी, छतांवर नवी माती पडते तेव्हा, त्यांच्या हाताखाली आठवडाभर राबायची माझी तयारी आहे.

देवळालीकर

सटाण्याच्या पुढे आमच्या व्याह्यांच्या गावात एक आजोबा आहेत. वय झाले आहे, आता छतावर चढत नाहीत, पण खाटेवर बसून नातवाकडून माती तुडवून घेतात. अक्षय्य तृतीयेनंतर काम सुरू करतात. मी विचारून ठेवतो.